सायकल, दोन कॅन आणि माप : नागपुरात दुधाचा रतीब घातलेलं कोणी आहे का इथं?

उतरता खांदा

मागच्या आठवड्यात उजवा खांदा धरला म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे तिशीतला पोट्टाच, त्यानं शर्ट काढायला लावला, मागून बघितलं आणि म्हणाला काका तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय, तरुणपणी काही वजन उचलायचे का. मी म्हटलं दूध. त्याला वाटलं मी दूध पिऊन व्यायाम करायचो असं सांगून राहिलो. मग बसून त्याला सगळं सांगितलं, बाहेर पेशंट ताटकळत होते तरी तो ऐकत बसला, आणि घरी येताना वाटलं की हे कुठंतरी लिहून ठेवावं, म्हणून हा धागा.

१९८७ ते ९१ मी पश्चिम नागपुरातल्या एका डेअरीत कामाला होतो. डेअरीचं नाव लिहीत नाही, पुढं कळेल काहून ते. दहावीत होतो तेव्हा लागलो. मालकाच्या स्वतःच्या म्हशी होत्या आणि बाकी दूध काटोल रोडच्या साइडनं गवळी आणून घालायचे. पहाटे चारला डेअरीत हजर व्हायचं, दूध गाळून कॅनमध्ये भरलेलं असायचं, सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूला लोखंडी हूक, त्याला वीस वीस लिटरचे दोन कॅन, हँडलला पाच लिटरची किटली आणि अर्धा लिटर अन् पाव लिटरची मापं. (पाव लिटरला सगळे पावशेरच म्हणायचे, शेर जाऊन किती वर्षं झाली तरी.) कॅनच्या तोंडात गवताची मुडी खोचायची म्हणजे दूध हिंदकळून सांडत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, दुधात गवत काय करून राहिलं रे?

रूट माझा गोकुळपेठ मार्केटपासून सुरू, मग धरमपेठचा झेंडा चौक, शंकरनगर, आणि शेवटी रामनगरचा चढ. मालक म्हणायचा आधी रामनगर कर, ताज्या दमात चढ होते. मी उलटं करायचो, कारण चढापर्यंत एक कॅन तरी रिकामा झालेला असायचा. पण दोन मजल्यांवर किटली घेऊन चढायचं काम तर सगळीकडेच होतं आणि ते उजव्या हातानं, कारण डाव्या हातात मापं. त्यात बुडाला तो खांदा.

त्या वेळी मला अख्खी कॉलनी भांड्यांवरून ओळखू यायची. माणसं नंतर कळली. खिडकीच्या कट्ट्यावर पितळी गंज, त्यावर ताटली, ताटलीवर दगड, मांजरासाठी. हे एक घर. दुसरीकडे स्टीलचा डबा, आत कूपनासारखी चिठ्ठी, "आज दीड". एका घरी आजोबाच दार उघडायचे, काही न बोलता गंज पुढं करायचे, दूध पडेपर्यंत डोळे मिटलेले. एक काकू अशा होत्या की माप भरलं की म्हणायच्या "वरतून?" आणि मी वरतून थोडं टाकलं की मग "हं". पाच वर्षांत त्यांच्याशी माझं या दोन शब्दांपलीकडे बोलणं झालं नाही.

आणि खाडे! सगळा हिशोब खाड्यावर. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी कॅलेंडरवर फुली. महिन्याच्या शेवटी माझ्या वहीतले खाडे आणि त्यांच्या भिंतीवरचे खाडे जुळायला पाहिजे, आणि ते कधी जुळायचे नाहीत. त्यावर पुढं सांगतो. आधी बाकीच्यांनी लिहा. कोणी डेअरीत, गोठ्यावर, टेम्पोवर काम केलंय का? नाहीतर दूध घेतलं तरी आहे का कोणी?


संत्रासाल

घेतलं आहे नं भाऊ, बम घेतलं आहे. आणि भांडलोय पण. पुढचं लवकर टाका.


चिमणी धंतोली

खाड्यांवरून आमच्या घरी महायुद्ध व्हायचं. आई लग्नाला चार दिवस अमरावतीला गेली की चार फुल्या, आणि दूधवाले दादा म्हणायचे ताई तुम्ही नव्हता पण साहेबांनी घेतलं, आणि बाबा म्हणायचे मी तर घेतलं नाही, आणि मग दोन दिवसांनी बाबांना आठवायचं की शेजारच्यांकडून पाहुणे आले तेव्हा एक लिटर घेतलं होतं. आईनं यावर उपाय काढला होता, तिनं फुलीऐवजी दूधवाल्यालाच कॅलेंडरवर सही करायला लावली. त्याला सही येत नव्हती, तो एक छोटा गोल काढायचा. आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या जुन्या कॅलेंडरांवर चंद्र काढल्यासारखे गोल आहेत.

धाग्याच्या मालकांना प्रश्न. माप भरताना दूध उंचावरून का ओतायचे हो तुम्ही लोकं? आई म्हणायची फेसाचे पैसे घेतात.


उतरता खांदा

आई बरोबर म्हणायच्या. किटलीतून मापात उंचून ओतलं की फेस येतो, फेसासकट माप भरल्यासारखं दिसते, आणि गंजात ओतल्यावर फेस बसला की दूध बोटभर खाली. दुसरी युक्ती म्हणजे माप किंचित तिरपं धरायचं. तिसरी, माप धरताना अंगठा आत. मला डेअरीत पहिल्याच आठवड्यात एका सिनियर पोरानं या तिन्ही दाखवल्या, अगदी शाळेत शिकवतात तशा. साठ घरं, दर घरी चमचा चमचा वाचला तरी शेवटी लिटरच्या आसपास उरते, ते पोरं हॉटेलात चहावाल्याला विकायची. मालकाला माहीत होतं. तो फक्त म्हणायचा, वरतून टाकता नं? मग झालं.

मी केलं का? केलं. थोडे दिवस. मग त्या "वरतून?" वाल्या काकूंच्या नजरेला घाबरून सोडलं.


लॅबवाला

मी पण दुधातलाच माणूस, पण तुमच्यासारखा बाहेरचा नाही, आतला. पंधरा वर्षं प्लांटच्या लॅबमध्ये काढली, कुठला प्लांट ते राहू द्या. आमच्याकडे रात्री अकरापासून टँकर आणि कॅनच्या गाड्या लागायच्या डॉकवर. प्रत्येक कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक लावायचं, हे पहिलं टेस्टिंग, आणि अनुभवी माणसाचं नाक मशीनपेक्षा कमी नाही. आंबूस वास आला की बाजूला. शंका आली तर परीक्षानळीत थोडं दूध घेऊन उकळत्या पाण्यात धरायचं, गुठळी झाली म्हणजे ते दूध पाश्चरायझरमध्ये टिकणार नाही. कारण तिथं ७२ अंशाला १५ सेकंद तापवतात अन् लगेच ४ अंशापर्यंत थंड करतात, आंबट दूध प्लेटांवर धरून बसते आणि अख्खी लाइन उघडून साफ करावी लागते. रात्री दोनला प्लेटा घासल्यात का कोणी?

दुधात फॅट किती ते काढायला गर्बरची पद्धत. दहा एमएल सल्फ्युरिक अॅसिड, त्यावर हळूच पावणेअकरा एमएल दूध, एक एमएल अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं. हे सगळं ज्यात भरायचं ती खुणांची काचेची नळी म्हणजे बुटीरोमीटर, ते एवढं तापते की फडक्याशिवाय हातात धरवत नाही. मग सेंट्रिफ्यूज. माझ्या सगळ्या शर्टांना पोटापाशी बारीक बारीक भोकं होती, बायको म्हणायची तुम्ही विडी पिता का. विडी नाही बाप्पा, अॅसिड.

आणि लोकांना वाटते डिग्री लावली, म्हणजे लॅक्टोमीटर दुधात सोडून त्यावरचा आकडा बघितला, की पाणी कळलं. लॅक्टोमीटर पाण्यानं खाली जातो हे खरं, पण साय काढून घेतली की तोच वर येतो, कारण फॅट हलका असतो. म्हणजे आधी वरची साय काढा, मग बेतानं पाणी घाला, डिग्री जशीच्या तशी! म्हणूनच फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट अन् पाणी सोडून दुधातलं बाकीचं सगळं, दोन्ही बघावं लागते. पिठाची भेसळ तर आयोडीनचा थेंब टाकला की निळी होऊन समोर येते, ती करणारे भैताड असतात. साय-पाणीवाले हुशार.


पुण्यात नाइलाजाने

एकूण काय, सगळेच पाणी घालत होते. आणि आपण "जुन्या काळचं शुद्ध दूध" म्हणून गळे काढतो. मला तर पाकिटाचंच बरं वाटते, निदान छापलेलं तरी असते की टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट अन् फुल क्रीम म्हणजे ६. गवळ्याच्या कॅनवर काय छापलं होतं? गवत.


गोठ्यातली

पुण्यात नाइलाजाने, गवतावरचा जोक चांगला आहे पण आता माझं पण ऐकून घ्या.

मी गवळ्याची मुलगी. आमचा गोठा वाडीच्या पुढं, तेव्हा तिकडं शेतं होती, आता गोडाऊन झाली. सतरा म्हशी, त्यातल्या अकरा दुधावर आणि बाकीच्या आटलेल्या नाहीतर गाभण, पण खायला सगळ्यांनाच लागते हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. पहाटे अडीचला माय उठायची. सरकी ढेप आदल्या रात्री भिजवलेली, त्यात कुटार, म्हणजे भुसा, कालवायचं, म्हशीपुढं टोपलं ठेवल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. पारडू आधी दोन मिनिटं लावायचं, मग ओढून बाजूला बांधायचं. ते ओढायचं काम माझं, आठ वर्षांची होते, पारडू मला घेऊन फिरायचं. धार काढताना भांड्यात आधी टण् टण् आवाज येतो आणि दूध वाढलं की घुर्र घुर्र होतो, मला झोपेत पण कळायचं की किती झालं.

आमच्या म्हशी बहुतेक नागपुरी, लांब तलवारीसारखी मागं वळलेली शिंगं. मुर्ऱ्हा जातीपेक्षा दूध कमी देतात, पण नागपूरचं ऊन त्याच काढू शकतात. बाबानं एकदा कर्ज काढून दोन मुर्ऱ्हा आणल्या हरियाणाच्या, मे महिन्यात दिवसातून तीनदा पाणी मारावं लागायचं त्यांच्यावर, माणसाला प्यायला नाही अन् म्हशीला आंघोळ. एक त्याच उन्हाळ्यात गेली. कर्ज राहिलं.

आता पाण्याचं. आम्ही डेअरीवाल्याला दूध घालायचो, तो भाव द्यायचा फॅटवर. पाणी घातलं तर आमचाच भाव पडतो. पण ढेपेचे भाव वाढले की डेअरीवाला आमचा भाव वाढवायला सहा महिने लावायचा आणि गिऱ्हाइकाचा दुसऱ्या दिवशी वाढवायचा. आणि उन्हाळ्यात संध्याकाळचं दूध नेताना आमच्या कॅनमध्ये तोच बर्फाचे तुकडे टाकायला सांगायचा, नासू नये म्हणून. बर्फ वितळल्यावर काय होते? तेव्हा फॅट कमी आली म्हणून पैसे कोणाचे कापायचा? सांगा.


लॅबवाला

ताई, बर्फाचं एकदम खरं. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये गवळ्यांच्या कॅनची डिग्री दरवर्षी दोन-तीननं खाली यायची. साहेब म्हणायचे चोर आहेत सगळे. मी म्हणायचो साहेब, चिलिंग सेंटर गावात द्या, मग बघा. लहान तोंडी मोठा घास झाला तो.


संत्रासाल

बर्फाचं पाणी हे पाणी नाही आणि नळाचं पाणी पाणी आहे, असा जीआर काढायला पाहिजे.


चिमणी धंतोली

गोठ्यातली, चीक मिळायचा का हो तुमच्याकडे? आमचे दादा म्हैस व्याली की छोट्या लोट्यात आणून द्यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. आई गूळ, विलायची घालून खरवस करायची. लोटा मात्र रिकामा परत द्यायचा नाही, त्यात थोडे तांदूळ घालायचे.


गोठ्यातली

चीक विकायचा नसतो. माय म्हणायची तो पारडाचा हिस्सा, त्यातून उरला तो वाटायचा. तांदूळ घालून लोटा परत यायचा ते मला आठवते, काही घरून गूळ यायचा. काही घरून लोटाच यायचा नाही.

आणखी एक सांगायचं होतं. आमच्याकडे ढोरं चारायला एक गोवारी काका होते, म्हशींना नावानं हाक मारायचे, आमच्या हाकेला एक वळत नसे. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये, २३ तारखेला, ते विधानभवनावरच्या मोर्चाला गेले होते, गोवारींना आदिवासींचा दर्जा द्या म्हणून. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. काका दुसऱ्या दिवशी दुपारी आले, एका पायात चप्पल. काही बोलले नाही, हौदाजवळ जाऊन म्हशी धुत बसले, धुतलेल्याच परत धुतल्या. आता सीताबर्डीच्या त्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीद असं नाव आहे, रोज हजारो गाड्या जातात वरून. मी तिथून गेले की मला पूल नाही, ओल्या म्हशी दिसतात.


इतवारी टेम्पो

ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

माझा नंबर पाकिटांच्या जमान्यातला. २००८ ते १५ टेम्पोवर होतो, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. रात्री दीडला प्लांटच्या गेटवर लाइन लावायची, चलान घ्यायचं, कोल्ड रूमच्या दारातून कॅरेट सरकत येतात, ते मोजत मोजत टेम्पोत रचायचे. अर्ध्या लिटरची वीस पाकिटं म्हणजे एक कॅरेट, दहा लिटर. मोजण्यात एक चुकला की तो तुमच्या पगारातून. लिकेजचं वेगळंच. फुटलेलं पाकीट परत दिलं तर बदलून मिळते, पण त्याचा कोपरा तरी शाबूत पाहिजे, म्हणून आम्ही फुटक्या थैल्या फडक्यानं पुसून, घडी करून आणायचो, नोटांसारख्या.

इतवारी, गांधीबाग, महाल हा माझा रूट. गल्ल्या एवढ्या चिंचोळ्या की महालात टेम्पो आत जायचाच नाही, बडकस चौकात उभा करून कॅरेट डोक्यावर. आणि कुत्रे! प्रत्येक गल्लीचा एक कुत्रा ठरलेला, त्याला एक लिकेजचं पाकीट दिलं की वर्षभर शांती. हा आमचा टोल टॅक्स.

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं, आठवते का? त्या दिवशी माझा टेम्पो सकाळी आठला कॉटन मार्केटपाशी बंद पडला. मागं अजून तीसेक कॅरेट. दुसरा टेम्पो यायला साडेदहा झाले. मी आणि क्लीनर पोट्टा, शेजारच्या रसवंतीतून बर्फ उधार घेऊन, भिजवलेली पोती कॅरेटवर टाकत होतो. दूध वाचलं, जवळपास सगळं. मॅनेजरनं काय विचारावं? बर्फाचं बिल आहे का? रसवंतीवाला बिल देते काय बे!

पण कोजागिरीची मजा यायची. आदल्या रात्रीपासून दुप्पट-तिप्पट माल, प्रत्येक मंडळाचा फोन, भाऊ वीस लिटर वाढव. बाराला चंद्र डोक्यावर, गच्चीगच्चीवर दूध आटवून राहिले आणि आम्ही खाली टेम्पोत. कोणीतरी हमखास ग्लास आणून द्यायचं. रात्रभर जे दूध वाहिलं तेच परत केशर घालून आपल्याला प्यायला, मला फार हसू यायचं.


पुण्यात नाइलाजाने

बरं, माघार घेतो. गवत परत घेतो.

मामा मुंबईत होता, त्याच्याकडे आरेच्या काचेच्या बाटल्या यायच्या, तोंडाला चांदीसारखा पातळ पत्रा, आम्ही भावंडं तो चाटायला भांडायचो. नागपूरला परत आलो की आजी म्हणायची त्या बाटलीतल्या दुधाला साय किती येते ते सांग आधी. तिची सगळी परीक्षा सायीची. नागपूरचे जुने लोक मात्र दिनशॉचं नाव घेतात, १९३२ पासूनचं, आधी दूध अन् मग आईस्क्रीम. आजोबा आईस्क्रीमला पण "दिनशॉ"च म्हणायचे, कोणत्याही कंपनीचं असो.


संत्रासाल

ओ उतरता खांदा, तुम्ही म्हणाला होता डेअरीचं नाव काहून लिहीत नाही ते पुढं कळेल. पुढं आलो आम्ही. सांगा.


उतरता खांदा

सांगतो. दोन दिवस टाळून राहिलो होतो.

१९८८ चा जुलै. रात्रभर पाऊस, सकाळी पण चालूच. रामनगरच्या उतारावर, वर एक घर सोडून परत खाली यायचं होतं, ब्रेकचे रबर ओले, समोर गाय बसलेली. गाय उठली नाही, मी पडलो. एक कॅन भरलेला होता, झाकण निघालं, गवताची मुडी बाहेर, आणि दूध रस्त्यावरच्या पाण्यात मिसळून पांढरी धार खाली शंकरनगरकडे चालली. उचलून उभा करेपर्यंत अंदाजे तीन लिटर गेलं होतं. माझा पगार महिन्याला दीडशे रुपये. तीन लिटरचे पैसे कापले तर घरी काय सांगू, हे एवढंच डोक्यात. तिथं नगरपालिकेचा नळ होता, आम्ही महानगरपालिकेलाही नगरपालिकाच म्हणायचो. इकडं तिकडं बघितलं. अंधार, पाऊस, गाय. तीन लिटर मोजून भरलं. मोजून बरं का, मापानं, वरतून पण टाकलं नाही.

शंकरनगरची उरलेली घरं त्या कॅनमधून झाली. कोणी काही बोललं नाही. डोळे मिटणाऱ्या आजोबांनी पण नाही. शेवटच्या घरी एक आजी होत्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या, अर्धा लिटर. त्यांनी गंज हातात घेतला, हलवला, भांड्याच्या काठाला दूध कसं चिकटते ते बघितलं, आणि म्हणाल्या, "आज पाऊस किटलीतही पडला का रे?"

मी म्हटलं, "हो आजी."

खोटं पण नव्हतं म्हणा.

त्या आत गेल्या. मी सुटलो असं वाटलं. महिन्याच्या शेवटी हिशोबाला गेलो तर कॅलेंडरवर त्या तारखेला फुली नव्हती, नुसती एक तिरपी रेघ. मी विचारलं हे काय आजी. "अर्धा खाडा." आणि पाव लिटरचे पैसे कापून बाकीचे मोजून दिले. मास्तरीण बाई, पेपर तपासल्यासारखं.

आता डेअरीच्या वहीत अर्धा खाडा कसा लिहायचा? लिहिला, तर मालकानं विचारलं. मी थापा मारल्या, मग रडलो, मग सांगितलं. त्यानं कानाखाली एक दिली, खरं सांगतो जोरात नव्हती, आणि तीन लिटर कापले. म्हणाला, "सांडलं तर सांडलं सांगायचं. नळाला हात लावला तर डेअरीचं नाव जाते."

मी मान खाली घालून ऐकलं. आणि पुढच्याच मे महिन्यात त्याच माणसानं मला बर्फाच्या कारखान्यात पाठवलं, एक लादी आण, आणि माझ्यासमोर सोट्यानं फोडून तुकडे कॅनमध्ये टाकले. मी बघत होतो. तो पण माझ्याकडे बघत होता. "हे थंड करायला आहे," म्हणाला, मी काही विचारलं नव्हतं तरी.

म्हणून नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, दहावीच्या फीचे पैसे त्यानंच भरले माझे. आता नाही तो.


लॅबवाला

सवय जात नाही म्हणून हिशोब केला. कॅन वीसचा, सतरा दूध अन् तीन पाणी, म्हणजे १५ टक्के. मूळ डिग्री ३० धरली तर साडेपंचवीसवर आली असती. लॅक्टोमीटरला दिसलं असतं, पण नुसत्या डोळ्यानं ओळखायला नजर लागते. आजी आमच्या लॅबमध्ये पाहिजे होत्या.

आणि अर्ध्या लिटरमध्ये पाणी होतं पाऊणशे एमएल. आजींनी कापलं पाव लिटरचं. म्हणजे दंड लावला तुम्हाला.


गोठ्यातली

दंड बरोबरच लावला. पण गवळ्याच्या कॅनमध्ये लादी फोडणाऱ्याला कोणत्या आजीनं लावला?


उतरता खांदा

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या उन्हाळ्यात फॅट कमी आली म्हणून काटोल रोडच्या गवळ्यांचे पैसे कापलेले मी वहीत लिहिले आहेत, माझ्याच अक्षरात. तुमच्या बाबांचे नसतील, पण कोणाच्या तरी बाबांचे होतेच.


इतवारी टेम्पो

बर्फाचं बिल आहे का म्हणा त्याले.


चिमणी धंतोली

आजींचं घर अजून आहे का हो?


उतरता खांदा

नाही. तिथं फ्लॅट स्कीम झाली, बरीच वर्षं झाली. डॉक्टरकडून येताना मुद्दाम त्या गल्लीतून गाडी काढली. वॉचमन विचारून राहिला कोणाकडे जायचं, काय सांगणार? गेटच्या आत भिंतीला खिळे ठोकले आहेत, प्रत्येक फ्लॅटच्या नंबराचा एक, त्याला पाकिटाच्या पिशव्या लटकवायच्या. दुपार झाली होती तरी एक पिशवी तशीच लटकलेली होती, तीनशे चारची. वॉचमनला म्हटलं उन्हात नासेल ते, वर कळव. तो म्हणाला साहेब गावाला गेले आहेत, दूध बंद करायला विसरले वाटते.

म्हणजे खाडा मांडायचा राहिला.


संत्रासाल

खांद्याचं काय म्हणाला डॉक्टर?


उतरता खांदा

दोन लिटरची पाण्याची बाटली घेऊन व्यायाम करा म्हणाला, उजव्या हातानं, दहा वेळा. पाण्याचीच सांगितली, दुधाची नाही.


चिमणी धंतोली

गोठ्यातली ताई, तुमच्याकडे नाही तर ओळखीत कोणाकडे म्हैस व्याली तर कळवाल का, सासूबाईंना खरवस खायचा आहे, बाजारातला पावडरचा त्या ओळखतात. लोटा तांदूळ घालून परत करीन.


गोठ्यातली

भावाकडे आहे एक, पोळ्याच्या आसपास होईल. मेसेज करते. गूळ पण चालतो.